पोळ्या लाटताना, स्कूटरवर, अंथरुणात: मुलांशी येशूविषयी कसं बोलावं

संडे स्कूल आठवड्यातून एक तास. त्यातला निम्मा वेळ हजेरी, गाणी आणि चपला शोधण्यात जातो. आठवड्याचे उरलेले 167 तास मूल घरी, शाळेत आणि रस्त्यावर असतं. मुलाची श्रद्धा घडते ती बहुतेक तिथेच. पवित्र शास्त्रातल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाच्या 6व्या अध्यायात, 7व्या वचनात, आईबापांना चार वेळा नेमून दिल्या आहेत: घरी बसलेले असताना, वाटेने चालताना, निजताना आणि उठताना. ‘मुलांना ओळीत बसवून भाषण द्या’ असं त्यात कुठेही नाही.

या चारांपैकी निजतानाची वेळ सगळ्यांत कामाची. दिवा मालवला की मुलाला झोप लांबवायची असते, म्हणून ते प्रश्न काढतं. काढू द्यावेत. तीन-चार मिनिटं पुरतात. वाटेवरची वेळ दहाच्या पुढच्या मुलांसाठी चांगली, कारण स्कूटरवर किंवा रिक्षात एकमेकांच्या डोळ्यांत बघावं लागत नाही. तेव्हा एकच प्रश्न विचारा आणि गप्प बसा. उत्तर दोन सिग्नल गेल्यावर येतं. सकाळी मात्र डब्याची आणि गणवेशाची धांदल असते, तेव्हा उपदेशाला जागा नाही. दार ओढून घेण्याआधी डोक्यावर हात ठेवून ‘देव तुझ्याबरोबर असो’ म्हणा. एवढं खूप झालं.

संध्याकाळची प्रार्थना: दहा मिनिटांची

घरची प्रार्थना जेवणाआधी ठेवा. जेवणानंतर धाकटं पेंगतं, मोठ्याला गृहपाठ आठवतो आणि मोठी माणसं फोन हातात घेतात. कुकर उतरवलेला असावा, टीव्ही बंद असावा, फोन दुसऱ्या खोलीत. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना पाच-सात मिनिटं, सहा ते नऊच्या मुलांना दहा, त्यापुढे पंधरा. घरात लहानमोठी दोन्ही असतील तर वेळ धाकट्याच्या मापाने धरा. मोठ्याशी बोलायला स्कूटर आहेच.

क्रम साधा: गाण्याचं एक कडवं, छोटं वाचन, एक प्रश्न, प्रार्थना, शेवटी प्रभूची प्रार्थना, म्हणजे येशूने शिष्यांना शिकवलेली. गाणं मराठी घ्या. नारायण वामन टिळकांची भजनं अभंगाच्या चालीत असल्यामुळे वाचता न येणाऱ्या मुलाच्याही तोंडात पटकन बसतात.

वाचनात हमखास चूक होते ती लांबीची. उत्साहाने मार्कचं शुभवर्तमान (येशूच्या चरित्राचं पुस्तक) ‘पहिल्यापासून’ काढतात, पण पहिल्या अध्यायात 45 वचनं आहेत. लूकच्या पहिल्या अध्यायात 80. तिसऱ्या दिवशी मुलं पायाच्या बोटांशी खेळू लागतात आणि आठवड्याने प्रार्थनाच बंद पडते. अध्याय घेऊ नका, प्रसंग घ्या. वादळ शमवलं तो प्रसंग (मार्क 4:35–41) सात वचनांचा. त्यात येशू नावेत उशीवर डोकं ठेवून झोपलेला आहे आणि मुलांना नेमकी ती उशीच लक्षात राहते. हरवलेलं मेंढरू (लूक 15:3–7) पाच वचनांचं, हरवलेलं नाणं (लूक 15:8–10) तीनच. चांगला शोमरोनी (लूक 10:25–37) तेरा वचनांचा, तो सहा वर्षांनंतर ठीक. उधळ्या मुलाची गोष्ट बावीस वचनांची आहे. ती दोन संध्याकाळी वाटून घ्या आणि पहिल्या दिवशी मुलगा डुकरांजवळ बसला आहे तिथेच थांबा. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेची आठवण मुलंच करून देतील.

नाण्याची गोष्ट करूनच बघा. दहा रुपयांची दहा नाणी मोजून मुलाच्या हातात द्या, त्यातलं एक चटईखाली लपवा, दिवे मालवा, हातात टॉर्च आणि केरसुणी द्या. सापडल्यावर तिन्ही वचनं वाचा आणि विचारा, ‘त्या बाईने शेजारणींना का बोलावलं असेल?’ मग थांबा. ‘म्हणून आपणही…’ असं वाक्य तोंडात आलं तर गिळून टाका. तात्पर्य आयतं दिलं की मूल गोष्ट ऐकायचं सोडून तात्पर्याची वाट बघायला लागतं.

काही भाग थोडे पुढे ढकलावेत. अब्राहाम आपल्या मुलाला, इसहाकाला, बळी द्यायला डोंगरावर नेतो ती कथा (उत्पत्ति 22) बाबांच्या कुशीत झोपणाऱ्या पाच वर्षांच्या मुलाला नको. नोहाच्या जलप्रलयाच्या चित्रांच्या पुस्तकात जिराफ आणि हत्ती गोंडस असतात, पण ‘बाकीच्या माणसांचं काय झालं?’ हा प्रश्न येतोच, तेव्हा उत्तर तयार असेल तरच ते पुस्तक उघडा. आणि एक पक्का नियम: वचनं लिहून काढणं ही शिक्षा म्हणून कधीही देऊ नका. ज्याने चिडून स्तोत्र दहा वेळा लिहिलं, त्याला ते पुढे गोड लागत नाही.

शब्द

आपल्या पवित्र शास्त्राची मराठी मुलांना जड जाते, इंग्रजी माध्यमातल्यांना तर फारच. ही अडचण जुनी आहे. पंडिता रमाबाईंनी केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये हिब्रू आणि ग्रीक शिकून सगळं पवित्र शास्त्र नव्याने मराठीत आणलं, ते याच विचाराने: कमी शिकलेल्या बायकांनाही वाचता यावं. 1922 साली त्या गेल्या. भाषांतर 1924 मध्ये बाहेर आलं.

घरात याचा अर्थ असा की वचन छापल्याप्रमाणे वाचायचं आणि मग रोजच्या बोलीत एकदा सांगायचं. ‘कृपा’ म्हणजे मागितलं नाही, कमावलं नाही, तरी मिळालं. ‘पश्चात्ताप’ म्हणजे नुसतं वाईट वाटणं नाही, चुकीच्या रस्त्यावरून मागे वळणं. हे खोलीत चालता चालता मागे वळून दाखवता येतं. ‘पाप’ हा शब्द सांडलेल्या दुधासाठी किंवा कमी मार्कांसाठी वापरू नका. तो जाणूनबुजून केलेल्या गोष्टींसाठी राखून ठेवा. ‘आमेन’ म्हणजे ‘तसेच होवो’. हे कळेपर्यंत मुलांना तो ‘संपलं’ असा शब्द वाटतो, आणि ती तो जरा जास्तच जोरात म्हणतात.

प्रभूच्या प्रार्थनेत सात मागण्या आहेत. आठवड्याला एक घेतली तर सात आठवडे होतात. ‘ऋणे सोड’ याच्यापाशी जास्त थांबा, कारण मुलांना ते बँकेचं कर्ज वाटतं. तसा तो दाखला वाईट नाही: देणं होतं, फेडता येत नव्हतं, सावकाराने वही बंद केली. स्तोत्र 23 सहा वचनांचं आहे, सहा आठवड्यांत पाठ होतं. कागद फ्रिजवर लावा आणि दर आठवड्याला एकच ओळ वाढवा.

मुलाची स्वतःची प्रार्थना

तीन वाक्यं शिकवा: एका गोष्टीबद्दल आभार, एका गोष्टीबद्दल क्षमा, आणि दुसऱ्या कुणासाठी एक मागणी. ‘सगळ्यांना आशीर्वाद दे’ हे चालवू नका. नाव घ्यायला सांगा. नाव घेतलं की मूल त्या माणसाचा विचार करू लागतं. कुत्र्यासाठी, पडलेल्या दातासाठी, भारताच्या मॅचसाठी प्रार्थना आली तर हसू नका आणि मध्येच सुधारू नका.

मोठ्यांची नेहमीची खोड वेगळी. ‘देवा, ह्याला अभ्यासाची बुद्धी दे, उलट बोलायची सवय सोडव’ ही प्रार्थना नाही, डोळे मिटून दिलेली बोलणी आहेत. मुलाला ते लगेच कळतं. मग तेही ताईविषयी तशीच प्रार्थना करतं.

‘देव बघतोय हं!’

मराठी घरांत, मग ती कोणत्याही धर्माची असोत, हे वाक्य वापरात असतंच. मूल तेवढ्यापुरतं ऐकतं, म्हणून ते मोहात पाडतं. पण त्याची किंमत नंतर कळते. देव म्हणजे वरून चुका टिपणारा कुणीतरी, हे चित्र एकदा बसलं की चूक झाल्यावर मूल देवापासून लपतं, म्हणजे नेमकं जेव्हा त्याच्याकडे जायला हवं तेव्हा. ‘देव तुझ्यावर रागावेल’, ‘येशू रडेल’ ही त्याच वाक्याची भावंडं. शिस्त ही आईबापांची जबाबदारी आहे आणि ती आईबापांच्या नावावरच चालवावी: ‘ताईला मारायचं नाही, हा आपल्या घरातला नियम आहे.’ देवाचं नाव आणायचं ते पुढच्या पायरीवर, म्हणजे चूक कबूल झाल्यावर: ‘सांगितलंस ते बरं केलंस. आता ताईला माफी माग, आणि रात्री आपण दोघं देवालाही सांगू.’

याचा अर्धा भाग तुमच्यावर आहे. घरात मोठ्यांनी लहानांची माफी मागण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. ‘मी मघाशी ओरडले ते चुकलं. मला माफ कर.’ वाक्य इथेच संपवा. ‘पण तूही…’ जोडलंत की माफी गेली. क्षमेवरच्या दहा पाठांनी जे होत नाही ते या दोन वाक्यांनी होतं.

अडचणीचे प्रश्न

‘मी मागितलं, देवाने दिलं नाही.’ उत्तर देण्याआधी काय मागितलं होतं ते विचारा. कधी ती सायकल असते, कधी आजीचं आजारपण असतं, आणि दोन्हींना एकच उत्तर चालत नाही. सायकलला ‘नाही, सध्या नाही’ पुरतं. आजीच्या बाबतीत कारणं शोधून देऊ नका. स्तोत्र 13 वाचा. सहाच वचनं आहेत आणि सुरुवातच ‘किती वेळ?’ अशा तक्रारीने होते. देवापुढे तक्रार करायला परवानगी आहे, हे मुलाला पवित्र शास्त्रातूनच दिसू द्या.

घरातलं माणूस गेलं तर शब्द जपून वापरा. ‘आजोबा झोपले’ म्हटलं तर चार वर्षांचं मूल झोपायला घाबरतं. ‘देवाला चांगली माणसं आवडतात म्हणून नेलं’ म्हटलं तर चांगलं असणंच धोक्याचं वाटतं. ‘देवाघरी गेले’ हा आपला नेहमीचा शब्द, पण त्यावर ‘परत कधी येणार?’ असं विचारलं जातं. सरळ सांगा: ‘आजोबांचं शरीर थांबलं. आता त्यांना दुखत नाही, भूक लागत नाही. ते घरी परत येणार नाहीत. ते प्रभूजवळ आहेत आणि एक दिवस आपण त्यांना भेटू, असा आपला विश्वास आहे.’ मग रडा, मुलासमोरच. योहान 11:35 दाखवा: ‘येशू रडला.’ मराठीत दोनच शब्द. दफनभूमीत मुलाला नेताना आधी सांगून ठेवा की तिथे काय दिसेल, कोण रडेल, माती कशी टाकतात. नंतर ईस्टरला, कॅथलिक घरांत 2 नोव्हेंबरलाही, कबरीवर फुलं ठेवायला नेलं की ती जागा ओळखीची होते.

गणपतीत प्रसादाचा प्रश्न येतो. इथे ख्रिस्ती घरांची मतं एक नाहीत: काही घरं प्रसाद घेतात, काही घेत नाहीत. रोमकरांस पत्राचा 14वा अध्याय आणि करिंथकरांस पहिल्या पत्राचा 8वा आईबाप दोघांनी बसून वाचा आणि ठरवा, पण चतुर्थीच्या आधी. सोसायटीच्या मांडवात, शेजारच्या काकू वाटी पुढे करून उभ्या असताना नाही. घ्यायचा नसेल तर मुलाला वाक्य पाठ करून द्या: ‘नको काकू, थँक यू’, तेही हसून. शेजाऱ्यांच्या देवाविषयी घरात वाकडं बोलू नका. मुलं ते शब्द मांडवात जशेच्या तसे पोहोचवतात, आणि शिवाय शेजाऱ्यावर प्रीती करायची आज्ञा त्या काकूंच्या बाबतीतही लागू आहेच.

‘तुम्ही ख्रिश्चन म्हणजे इंग्रजांचे ना?’ हे शाळेत कुणीतरी विचारतंच. पृथ्वीचा गोल काढा आणि नासरेथ कुठल्या खंडात आहे ते मुलालाच शोधू द्या. आशियात! मग सांगा की येशूची कथा सांगणारं मराठी ओव्यांमधलं ख्रिस्तपुराण 1616 साली गोव्यात छापलं गेलं, मुंबई इंग्रजांकडे जाण्याच्या कितीतरी आधी. ते लिहिणारा फादर स्टीफन्स जन्माने इंग्रज होता हेही लपवू नका. त्याला मराठी इतकी आवडली की त्याने तिचीच कास धरली, हा भाग मुलांना जास्त आवडतो.

वर्षाचे दिवस आणि पैसे

आगमनकाळाचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांच्या काळाचा, पहिला रविवार 27 नोव्हेंबर ते 3 डिसेंबर यांच्यामध्ये येतो. ताटलीत वाळू घालून चार मेणबत्त्या रोवा आणि दर रविवारी एक जास्त लावा. काडी मोठ्यांच्या हातात, विझवायचं काम मुलांकडे. गोठ्यातलं बाळ 24 तारखेच्या रात्रीपर्यंत डब्यातच ठेवा; रिकामी गव्हाण बघून मुलं रोज विचारतात आणि रोज एक वाक्य बोलायला निमित्त मिळतं. करंज्या आणि शंकरपाळ्यांची ताटं शेजारी पोहोचवायला मुलांनाच पाठवा. ‘कशाबद्दल?’ असं विचारलं तर काय सांगायचं ते त्यांना स्वतःच्या शब्दांत ठरवू द्या.

दानाची नोट देवळाच्या दारात मुलाच्या हातात कोंबू नका. ते पैसे तुमचे, मूल नुसता पोस्टमन. खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला त्याने स्वतः काहीतरी बाजूला काढावं, दोन रुपये का असेनात. विधवेच्या दोन नाण्यांचा प्रसंग (मार्क 12:41–44) तेव्हा वाचा.

तेराव्या वर्षानंतर

‘मी उपासनेला येणार नाही’ हे कधीतरी कानावर येतं. लगेच वाद घालू नका. आधी कारण शोधा: कंटाळा, मित्रांची थट्टा, मंडळीतल्या कुणाचं लागलेलं बोलणं, की खरीच शंका. पहिल्या तिघांवर उपाय असतो. शंका असेल तर तिला ‘अविश्वास’ म्हणून हिणवू नका. शंका घेणाऱ्या थोमा या शिष्याला येशूने हाकलून दिलं नव्हतं, हात पुढे करून जखमा दाखवल्या. येण्याविषयी घरचा नियम काय तो स्पष्ट असू द्या, पण नियम आणि विश्वास या दोन वेगळ्या गोष्टी आहेत हेही तोंडाने सांगा.

उत्तर येत नसेल तेव्हा ‘मला माहीत नाही’ म्हणा आणि प्रश्न भिंतीवरच्या कॅलेंडरवर, येत्या रविवारच्या चौकोनात, मुलाच्याच अक्षरात लिहून ठेवा. रविवारी पाळकांना किंवा फादरना विचारताना मूल शेजारी उभं असू द्या, आणि प्रश्न त्यालाच विचारू द्या.