दुसरा 462 व्हिसा कसा जमवला (माझा अनुभव)

462 म्हणजे वर्क अँड हॉलिडे व्हिसा, तरुणांना ऑस्ट्रेलियात फिरता-फिरता काम करू देणारा. त्यावरचं ऑस्ट्रेलियातलं वर्ष संपलं आणि मी घाटकोपरला परत, आई खूष, मी नाही. स्टुडंट व्हिसाची फी बघूनच तो नाद सोडला, कॅफेवाला स्पॉन्सर करेल ही आशा पण फुकटच. मग कळलं, बॅलट (अर्जदारांची सोडत) फक्त पहिल्या 462 ला असतं, दुसऱ्याला रिजनल भागात तीन महिने ठरलेलं काम केलेलं लागतं. फळतोडणी मी केली होती पण ठेकेदाराने दोन आठवड्यांच्या पेस्लिपा दिल्याच नव्हत्या, मेल करकरून त्या काढल्या, बँक स्टेटमेंटवर पेन्सिलीने एकेक तारीख जुळवली, डोळे गेले नुसते. अर्ज इथून टाकला म्हणून मंजुरीपर्यंत ऑस्ट्रेलियाबाहेरच थांबलो. आणि हो, अर्ज वयाची 31 वर्षं पूर्ण व्हायच्या आत टाका.