ईश्वराची सिद्धता मांडताय? या चुका टाळा

तर्कशास्त्र शिकवायला लागल्यापासून दरवर्षी कोणीतरी ईश्वराच्या अस्तित्वाची सिद्धता घेऊन येतं. चुका बहुतेक त्याच.

पहिली म्हणजे ‘शक्य आहे’ हे न तपासता मान्य करून टाकणं. मागे इंजिनिअरिंगचा एक मुलगा वही घेऊन आला. “सर, दहा ओळींत झालं!” मांडणी अशी: ईश्वर असेल तर तो अनिवार्यपणेच (म्हणजे त्याचं नसणं अशक्य अशा रीतीने) असणार. असा ईश्वर असणं निदान शक्य आहे. एस-५ या, ‘शक्य’ आणि ‘अनिवार्य’ यांचे नियम सांगणाऱ्या तर्कप्रणालीत जे अनिवार्य असणं शक्य, ते अनिवार्यच. म्हणून ईश्वर आहे. पायऱ्या सगळ्या बरोबर होत्या. मी म्हटलं, दुसऱ्या ओळीत ‘असणं’च्या जागी ‘नसणं’ लिही आणि पुढे चल. त्याने फळ्यावर ओळी उतरवल्या, आणि त्याच नियमांनी ईश्वर नाही हे सिद्ध झालं. दोन्ही ‘शक्य’ सारखेच निरुपद्रवी दिसतात, पण दोन्ही एकदम खरे असू शकत नाहीत. सगळा वाद त्या एका ओळीत होता आणि तीच त्याने सर्वात घाईने लिहिली होती.

म्हणून मी आधी चिन्हं बाजूला ठेवतो. आधारविधानं (ज्यांवरून निष्कर्ष काढायचा ती) कोऱ्या कागदावर साध्या मराठीत लिहितो, प्रत्येकाखाली त्याचा नकार लिहितो, आणि कोणतं जास्त पटतं ते पाहतो. याला अर्धा तास लागतो. तेवढा धीर नसेल त्याने हा विषय हाती घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी चूक: ‘कॉम्प्युटरने देव सिद्ध केला’. २०१३ मध्ये बेन्झम्युलर आणि वोल्ट्सेनलोगेल पालेओ या संशोधकांनी तर्कशास्त्रज्ञ कुर्ट गोडेलची १९७० ची ईश्वराची सिद्धता संगणकावर तपासली. तर्कशास्त्रज्ञ डेना स्कॉटने सुधारलेली मांडणी युक्त ठरली. गोडेलच्या मूळ टिपणातली विधानं मात्र एकमेकांशी विसंगत निघाली. युक्त याचा अर्थ एवढाच, की आधारविधानं मानली तर निष्कर्ष मानावाच लागतो. ती खरी आहेत का, हे यंत्र सांगत नाही. शिवाय १९८७ मध्ये सोबेल या तत्त्वज्ञाने दाखवलं की याच विधानांतून जे जे खरं ते ते अनिवार्य ठरतं. म्हणजे आज सकाळी मी चहात साखर घातली, तेही टळणं अशक्य होतं. ही किंमत मोजायला तयार असाल तरच गोडेलचं नाव घ्या.

गोडेलचं १९३१ चं अपूर्णतेचं प्रमेय (अंकगणित मांडणाऱ्या सुसंगत नियमप्रणालीत काही विधानं सिद्धही होत नाहीत आणि खोटीही ठरत नाहीत) इथे ओढू नका. त्याचा ईश्वराशी संबंध नाही.

‘अस्तित्व हा गुण नाही’, म्हणून ते ईश्वराच्या व्याख्येत घालता येत नाही, हे जर्मन तत्त्वज्ञ कांटचं म्हणणं सांगून थांबू नका. गोडेल ‘अनिवार्य अस्तित्वा’बद्दल बोलतो, तेव्हा आक्षेप नव्याने मांडावा लागतो.

सिद्धता मोडली म्हणजे ईश्वर नाही असं ठरत नाही.

आणि न्यायदर्शनाचे पंडित उदयनाचार्य यांच्या ‘न्यायकुसुमांजली’तलं अनुमान (पृथ्वी वगैरे कार्य आहे, म्हणून घटाप्रमाणे तिलाही कर्ता आहे) एस-५ च्या साच्यात कोंबू नका. तिथे सगळा भार व्याप्तीवर, म्हणजे ‘जिथे कार्य तिथे कर्ता’ या अटळ संबंधावर आहे. रानात आपसूक उगवणाऱ्या गवताचा कर्ता कोणी पाहिला, ही जुनी हरकत आधी सोडवा, मग पुढची ओळ लिहा.