भातानंतर वाल लावताय? बांधातली घूस आणि मुळातला जिवाणू, दोघांकडे बघा

भात कापून झालं की मुंबईत गोराई-मनोरीकडे आणि आरेच्या पाड्यांत ओलीवर वाल, चवळी टाकायची गडबड सुरू होते आणि सगळ्यांच्या तोंडी एकच, घुशींनी बांध पोखरला. खरंय, बीळ उकरलं तर आत भाताच्या लोंब्या साठवलेल्या सापडतात, राग येणारच. पण त्याच मातीत रायझोबियम नावाचा जिवाणू असतो, तो वालाच्या मुळावर गाठी करतो, झाडाकडून थोडी साखर घेतो आणि बदल्यात हवेतला नत्र देतो. घूस नुसतीच खाते. तरी सगळा खर्च नि धावपळ घुशीपायी, आणि या बिचाऱ्याला आपणच उन्हात नि युरियात मारतो.

घुशीचं आधी उरकू. संध्याकाळी सगळी बिळं चिखलाने बुजवा, सकाळी जी उघडलेली दिसतील तीच चालू, पिंजरा तिथेच लावा. बांधावरचं गवत काढा. विष शक्यतो नकोच, आरेत तर अजिबात नको, विष खाऊन मेलेली घूस घुबड, मांजर, बिबट्या कोणीही खाऊ शकतं. आणि बिळाजवळच्या ओल्या मातीत अनवाणी जाऊ नका, घुशीच्या मुतातून लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा जिवाणूचा आजार) पसरतो, २००५च्या पुरानंतर मुंबईने तो बघितलाय. गमबूट घालाच.

आता बियाणं. रायझोबियमच्या कल्चरचं, म्हणजे वाढवलेल्या जिवाणूंचं, पाकीट घेताना ते कुठल्या पिकाचं आहे आणि एक्स्पायरी काय ते वाचा, सोयाबीनचं कल्चर वालाला चालत नाही. किलोला साधारण २५ ग्रॅम कल्चर पुरतं. गुळाचं पाणी उकळून पूर्ण गार करा, गरम पाण्यात टाकलंत तर जिवाणू तिथेच मेले, मग त्यात कल्चर कालवून बियांना हलक्या हाताने चोळा, साल निघता कामा नये. सावलीत सुकवा आणि लगेच पेरा. बुरशीनाशक लावायचं असेल तर ते आधी, कल्चर सगळ्यात शेवटी. बियाण्याबरोबर रासायनिक खत मिसळू नका, आणि नंतरही युरियाचा मारा नको, आयता नत्र मिळाला की झाड गाठी धरायचा कंटाळा करतं.

पेरणीनंतर महिना-सव्वा महिन्याने एक रोप खुरप्याने मातीसकट काढा, ओढू नका, गाठी मातीतच राहतात. मुळं पाण्यात धुवा नि एक गाठ नखाने फोडा. आत गुलाबी-लाल दिसलं तर काम चालू आहे, वरून नत्र द्यायची गरज नाही. पांढरी निघाली तर आठवडाभर थांबून दुसरं रोप बघा, तेव्हाही तसंच असेल तरच थोडं खत द्या.