किनारपट्टीवर जुनी गाडी बदलताना या चुका टाळा

घरातली गाडी दुरुस्तीपलीकडे गेली की कोकणात बदलीच्या, बहुधा वापरलेल्या गाडीची घाई सुरू होते, कारण गणपती तोंडावर आलेले असतात आणि वाडीतून तालुक्याच्या रुग्णालयात जायला हव्या त्या वेळी एसटी मिळेलच असे नसते. या घाईत होणारी पहिली चूक म्हणजे विक्रेत्याला केवळ ‘महिन्याला हप्ता किती?’ एवढेच विचारणे. मुदत वाढवली की हप्ता आपोआप लहान दिसतो. तीन लाखांचे कर्ज १० टक्के दराने, घटत्या शिलकीवर (म्हणजे फेडायच्या उरलेल्या रकमेवरच व्याज), पाच वर्षांसाठी घेतल्यास हप्ता सुमारे ६,३७५ रुपये आणि एकूण व्याज सुमारे ८२,००० रुपये होते. मुदत सात वर्षे केली तर हप्ता ४,९८० रुपयांच्या आसपास येतो, पण व्याज १,१८,००० रुपयांवर जाते. खाऱ्या हवेत उभ्या राहणाऱ्या आणि आधीच काही वर्षे वापरलेल्या गाडीसाठी सात वर्षांचे कर्ज घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

याहून मोठा फटका फ्लॅट रेटचा बसतो. दर तोच १० टक्के सांगितला जातो, मात्र व्याज शेवटच्या महिन्यापर्यंत मूळ तीन लाखांवरच आकारले जाते. पाच वर्षांत ते दीड लाख होते, हप्ता ७,५०० रुपये बसतो आणि घटत्या शिलकीच्या हिशेबाने खरा दर सतरा टक्क्यांच्या वर जातो. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून मंजूर होणाऱ्या किरकोळ कर्जांना ‘की फॅक्ट स्टेटमेंट’ देणे बंधनकारक आहे आणि ते कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावे लागते. त्यात सर्व शुल्कांसह वार्षिक दर लिहिलेला असतो. दोन कर्जांची तुलना त्याच आकड्यावर करावी.

आपल्याकडचे उत्पन्न बारा महिने सारखे नसते, ही बाब हप्ता ठरवताना सहसा विसरली जाते. राज्याच्या सागरी हद्दीत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला १ जूनपासून पावसाळी बंदी असते आणि आंब्याचे पैसे येतात ते मुख्यतः मार्च ते मे या काळात. त्यामुळे पावसाळ्यातील हप्त्यांची रक्कम हंगामातच बाजूला काढून ठेवावी, आणि हंगामानंतर एकरकमी भरणा करायचा विचार असेल तर मुदतपूर्व परतफेडीचे शुल्क सही करण्यापूर्वीच लेखी विचारून घ्यावे.

गाडी पाहताना लोक रंग पाहतात, मी आधी खालचा पत्रा पाहायला सांगेन. किनाऱ्यावरच्या गाडीला गंज वरून दिसत नाही; तो जॅक लावण्याच्या जागी, सायलेन्सरच्या जोडांवर, सस्पेन्शनच्या माउंटिंगजवळ आणि दारांच्या खालच्या कडेला, पाणी निघून जाण्याची भोके मातीने बुजलेली असतात तिथे, धरलेला असतो. गाडी रॅम्पवर घ्यायला लावावी आणि स्क्रूड्रायव्हरच्या मुठीने पत्र्यावर हलके ठोकावे. धड पत्रा खणखणीत वाजतो, खाल्लेला पत्रा बद्द वाजतो. खाली सगळीकडे नुकताच काळा कोट मारलेला असेल तर तो का मारला, हे विचारल्याशिवाय पुढे जाऊ नये.

पुरात बुडालेली गाडी ओळखण्यात चूक झाली तर ती सर्वांत महाग पडते. जुलै २०२१ मध्ये चिपळूण आणि महाडमध्ये किती वाहने पाण्याखाली गेली, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. अशी गाडी धुऊनपुसून नवी सीट कव्हरे घालून उभी केली जाते. म्हणून सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून त्याच्या आतल्या टोकाला गाळाची रेघ आहे का पाहावे, सीटखालच्या रुळांचा गंज तपासावा, स्टेपनीचा खड्डा उघडावा आणि डॅशबोर्डखालच्या वायरिंगच्या जोडांवर बोट फिरवून पाहावे. या तपासणीसाठी विक्रेत्याचा नव्हे, आपला मेकॅनिक न्यावा. त्याला दिलेले पैसे वाया जात नाहीत.

किमतीबाबत एक गोष्ट ध्यानात असू द्यावी. २२ सप्टेंबर २०२५ पासून नव्या लहान गाड्यांवरील जीएसटी कमी होऊन १८ टक्क्यांवर आला, म्हणजे शोरूम किमतीही उतरल्या. वापरलेल्या गाडीची किंमत सांगताना विक्रेता त्याआधीच्या शोरूम किमतीचा दाखला देत असेल, तर तो मान्य करू नये.

कागदपत्रांत आरसीवर आधीच्या कर्जाची नोंद शिल्लक आहे का, हे परिवहनच्या संकेतस्थळावर पाहावे. नोंद असल्यास बँकेचे ना हरकत प्रमाणपत्र आणि फॉर्म ३५ (ही नोंद काढण्याचा अर्ज) हातात आल्याशिवाय पूर्ण रक्कम देऊ नये. गाडी दुसऱ्या आरटीओकडे नोंदलेली असेल तर तेथील ना हरकत प्रमाणपत्रही लागेल का, हे आपल्या आरटीओत आधीच विचारून घ्यावे. विम्यातला नो क्लेम बोनस (दावा न केल्याबद्दलची सूट) गाडीबरोबर येत नाही, तो मालकाचा असतो. म्हणून आपली जुनी गाडी विकताना त्याचे प्रमाणपत्र विमा कंपनीकडून मागून घ्यावे, म्हणजे नव्या पॉलिसीच्या हप्त्यात सूट मिळते. त्या वाचलेल्या पैशांत इंजिनाचे वाढीव संरक्षण घ्यावे, कारण तुंबलेल्या रस्त्यावर इंजिनात पाणी शिरून झालेले नुकसान साध्या पॉलिसीत सहसा मिळत नाही.