ट्रेकसाठी हलका कॅमेरा निवडताना या चुका टाळा

पुण्यातून राजगड, तोरणा किंवा हरिश्चंद्रगडासाठी निघणारी बरीच मंडळी कॅमेरा घेताना दोनच आकडे पाहतात: वजन किती आणि झूम किती. दुकानाच्या लख्ख उजेडात हे दोन्ही आकडे आकर्षक वाटतात. पण गडावर छायाचित्र बिघडते ते बहुतेक वेळा अपुऱ्या प्रकाशामुळे किंवा ओलाव्यामुळे. म्हणून आपल्या ट्रेकवर उजेड किती असतो आणि पाऊस किती लागतो, हे आधी ठरवावे आणि कॅमेऱ्याकडे नंतर वळावे, असे मला मनापासून वाटते.

प्रकाशाचा प्रश्न सेन्सरशी, म्हणजे कॅमेऱ्यात प्रकाश टिपणाऱ्या चिपशी, निगडित आहे. खिशात मावणाऱ्या, तीसपट झूमच्या कॅमेऱ्यांत सेन्सर साधारण ६.२ × ४.६ मिलिमीटरचा असतो. ‘एक इंची’ म्हणून ओळखला जाणारा सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो, म्हणजे त्याची कोणतीही बाजू एक इंच भरत नाही. तरीही त्याचे क्षेत्रफळ पहिल्याच्या चौपट असते. एपीएस-सी या आकाराचा सेन्सर एक इंचीच्याही तिप्पट मोठा असतो. हरिश्चंद्रगडावरच्या केदारेश्वराच्या गुहेत, जिथे पाण्यातील शिवलिंगाभोवतीच्या चार खांबांपैकी एकच उभा आहे, हा फरक डोळ्यांना लगेच जाणवतो: लहान सेन्सरच्या चित्रात सावलीतला दगड दाणेदार आणि पुसट होतो, मोठ्या सेन्सरच्या चित्रात त्याचा पोत टिकतो.

झूमच्या आकड्यामागे आणखी एक गोष्ट दडलेली असते. झूम वाढवत नेले की बहुतेक लेन्सचे छिद्र लहान होत जाते, एफ/२.८ वरून एफ/५.६ वर आले (एफपुढचा आकडा जितका मोठा, तितके छिद्र लहान) की प्रकाश चौथाईवर येतो. मग कॅमेरा शटर अधिक वेळ उघडे ठेवतो किंवा आयएसओ, म्हणजे सेन्सरची प्रकाशसंवेदनशीलता, वाढवतो, आणि चित्र हलते किंवा दाणेदार होते. संधिप्रकाशात टिपलेली चित्रे सतत हलत असतील, तर कॅमेरा खराब आहे असे मानण्याआधी झूम मागे घ्यावे, कॅमेरा दगडावर टेकवावा आणि दोन सेकंदांचा सेल्फ-टायमर लावावा. डिजिटल झूम मात्र मेनूतून कायमचे बंद करावे, कारण ते चित्राचा मधला भाग कापून मोठा करते, एवढेच.

वजनाबाबतची चूक याहून सूक्ष्म आहे. बॅटरी व कार्डासह रिको जीआर ३ चे वजन २५७ ग्रॅम, ओएम सिस्टीम टीजी-७ चे २४९ ग्रॅम आणि सोनी आरएक्स१०० मार्क ७ चे ३०२ ग्रॅम आहे. पन्नास ग्रॅमच्या या फरकापायी निवड करण्यात अर्थ नाही, कारण हे तिन्ही कॅमेरे वेगवेगळ्या कामांसाठी आहेत. रिकोत एपीएस-सी सेन्सर आहे, पण झूम नसल्याने २८ मिलिमीटरची एकच रुंद दृष्टी मिळते, फ्लॅश नाही आणि पावसापासून संरक्षणही नाही. सोनीत एक इंची सेन्सर आणि २४ ते २०० मिलिमीटरचे झूम आहे, पण पावसात तोही उघडा चालत नाही. टीजी-७ पाण्याखाली १५ मीटरपर्यंत चालतो, मात्र त्याचा सेन्सर लहान आहे. जुलैच्या पावसात अंधारबनच्या जंगलात जाणाऱ्याने टीजी-७ घ्यावा, आणि डिसेंबरात हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यावर मुक्काम करणाऱ्याने उरलेल्या दोहोंपैकी एक निवडावा, असे माझे मत आहे.

बॅटरीचा हिशेब दोन दिवसांच्या राजगड-तोरणा वाटेवर चुकतो. प्रमाणित चाचणीनुसार रिकोची एक बॅटरी सुमारे २०० चित्रे देते, सोनीची सुमारे २६०. एक जादा बॅटरी घ्यावीच, आणि कॅमेरा पॉवर बँकेवर चार्ज होतो की नाही, हे विकत घेण्याआधी पाहावे. हिमालयात थंडीने बॅटरी लवकर उतरते. रात्री ती स्लीपिंग बॅगमध्ये आपल्याजवळ ठेवावी.

पावसाळ्यात सर्वाधिक ऐकू येणारी तक्रार म्हणजे ‘लेन्सवर वाफ धरली’. वातानुकूलित गाडीतून लोहगडाच्या पायथ्याशी उतरून लगेच कॅमेरा बाहेर काढला, की थंड काचेवर दमट हवेतले बाष्प साचते. कॅमेरा गाडीतच झिप पिशवीत बंद करावा आणि बाहेरच्या तापमानाला येईपर्यंत, वीस-पंचवीस मिनिटे, ती पिशवी उघडू नये. लेन्सच्या आत बाष्प शिरले असेल, तर बॅटरी व कार्ड काढून कॅमेरा सिलिका जेलसह हवाबंद डब्यात दोन-तीन दिवस ठेवावा. हेअर ड्रायर मुळीच वापरू नये, कारण उष्णतेने आतले भाग आणि चिकटद्रव्य बिघडू शकतात. घरी कॅमेरा चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवणे हीदेखील मोठी चूक आहे. पुण्याच्या पावसाळ्यात त्या कव्हरात ओल मुरते आणि लेन्सवर बुरशी धरते. डब्यात एक छोटा आर्द्रतामापक ठेवून ४० ते ५० टक्के आर्द्रता राखली, तर ही चिंता मिटते. जलरोधक कॅमेऱ्याचे झाकण लावताना रबरी पट्टीवर केस किंवा वाळूचा कण नाही ना, हे दर वेळी पाहावे. तेवढ्याशा फटीतूनही पाणी आत जाते.

जुना कॅमेरा घेणार असाल, तर लेन्समधून विजेरीचा झोत टाकून पाहा; कोळिष्टकासारखे धागे दिसले, तर ती बुरशी आहे. झूम दोन्ही टोकांपर्यंत चालवून घर्षणाचा आवाज येतो का, ते ऐका. मग सर्वांत लहान छिद्रावर पांढऱ्या भिंतीचे चित्र काढा. त्यात काळसर ठिपके दिसले, तर सेन्सरवर धूळ बसलेली आहे, आणि या प्रकारच्या कॅमेऱ्यात लेन्स सुटी होत नसल्यामुळे ती काढण्यासाठी दुरुस्तीवाल्याला कॅमेरा उघडावा लागेल. तो खर्च किमतीत धरूनच व्यवहार करा.