आयटीआय आणि बंदरावरच्या कामाचं डिग्रीत क्रेडिट कसं मिळवायचं

रत्नागिरीत मिऱ्या बंदरावर ट्रॉलरची इंजिनं खोलणारी पोरं विचारतात, दादा, आयटीआय झालं, सात वर्षं काम केलं, आता डिग्री करायची तर परत पहिल्यापासून सुरू करायचं का? नाही रे, सगळं पहिल्यापासून नाही, पण नुसतं "मला काम येतं" सांगून क्रेडिट, म्हणजे शिकण्याच्या तासांचं डिग्रीत धरलं जाणारं माप, कोणी देत नाही, काम कागदावर तासांत दिसावं लागतं.

म्हणून आधी कागद. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंदी, तेव्हा इंजिनकामाची गर्दी असते मान्य आहे, पण मालक आणि तांडेल (बोटीचा प्रमुख) दोघंही किनाऱ्यावर सापडतात, नारळी पौर्णिमेनंतर सही कोणाकडे मागणार? आयटीआयचं सर्टिफिकेट, सगळ्या मार्कशीट, अप्रेंटिसशिप केली असेल तर तिचं सर्टिफिकेट, आणि अनुभवाचा दाखला. दाखल्यात बहुतेक जण मार खातात. "मुलगा होतकरू, वागणूक चांगली" एवढ्याचा काही उपयोग नाही. कुठल्या तारखेपासून कुठल्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास, आणि काम काय काय, म्हणजे इंजेक्टर काढून टेस्ट करणं, हेड उतरवून व्हॉल्व्ह बसवणं, गिअरबॉक्स, शाफ्टचं अलाइनमेंट, हे एकेक लिहून घ्या, कारण राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट आणि वर्षाचे १२०० तास म्हणजे ४० क्रेडिट असा हिशोब आहे.

पण तास आहेत म्हणून आपोआप क्रेडिट मिळत नाही, त्याचं मूल्यमापन व्हावं लागतं. त्यासाठी आरपीएल, म्हणजे आधी शिकलेल्या कामाची परीक्षा, ती देऊन सर्टिफिकेट घ्या. शिवाय शिक्षण कुठल्या पायरीचं, म्हणजे लेव्हल, तेही बघतात, बारावी लेव्हल ४ आणि डिग्रीचं पहिलं वर्ष ४.५, त्यामुळे आयटीआयचे सगळेच तास डिग्रीत जमा होतील असं धरून चालू नका.

मग डिजिलॉकरवरून अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा (क्रेडिट जमा ठेवणारं सरकारी ऑनलाइन खातं) आयडी काढा, दहा मिनिटांचं काम आहे. तिथे जमा झालेलं क्रेडिट जास्तीत जास्त ७ वर्षं चालतं.

आता रस्ता कुठला? माझ्या मते सगळ्यात खात्रीचा हा: दहावी आणि २ वर्षांचा ट्रेड (फिटर, इलेक्ट्रिशियन वगैरे) असेल तर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मागता येतो, सरकारी पॉलिटेक्निक रत्नागिरीलाही आहे आणि मालवणलाही, आणि डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंग डिग्रीलाही थेट दुसरं वर्ष. मेकॅनिक डिझेलवाल्यांनो, तुमचा ट्रेड १ वर्षाचा, तुम्हाला हा शॉर्टकट लागू होईल असं समजून फॉर्म भरू नका. बारावी नसेल तर एनआयओएसमध्ये (केंद्र सरकारच्या मुक्त शाळेत) आयटीआयचं क्रेडिट ट्रान्सफर होतं, उरलेले विषय द्यायचे. नोकरी सोडणं शक्य नसेल तर नाशिकच्या मुक्त विद्यापीठाचे कोर्स बघा. आणि घरात कोणी अग्निवीर असेल तर इग्नूची खास ३ वर्षांची डिग्री आहे, तिच्यात निम्मं क्रेडिट सैन्यातल्या ट्रेनिंगचंच धरतात.

सगळ्यात महत्त्वाचं, फी भरायच्या आधी लेखी विचारा. माझ्या भाच्याला एका कॉलेजात तोंडी "होईल, होईल" सांगितलं, आम्ही विश्वास ठेवला, फी भरली, आणि नंतर अनुभवाचं एकही क्रेडिट धरलं नाही, पोराचं वर्ष गेलं, मला ते अजून लागतं. म्हणून अर्ज करा, त्यात तीनच प्रश्न: कुठले पेपर माफ होतील, किती क्रेडिट मिळेल, आणि ते मार्कशीटवर दिसेल का. दोन प्रती न्या, एकीवर इनवर्डचा शिक्का मारून घ्या आणि घरी जपून ठेवा.

पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागला की क्रेडिट बँकेचं खातं उघडून बघा, कबूल केलेला आकडा दिसत नसेल तर त्याच आठवड्यात ती शिक्क्याची प्रत घेऊन परीक्षा विभागात जा.