मूलवरून वडसा: आधी परतीची गाडी पाहा

गडचिरोली जिल्ह्यातलं वडसा माझं माहेर, चंद्रपूर जिल्ह्यातलं मूल सासर, आणि मधात बल्लारशा-गोंदिया रेल्वे लाइन. शिलाईचं काम घरीच असल्यामुळे सकाळी जाऊन रात्री परत असा फेरा वर्षातून पाच-सहा वेळा होतोच. ब्लाउज टाकायला येणाऱ्या बाया विचारतात, "दोन पोट्टे घेऊन एका दिवसात कसं जमते बाप्पा तुले?" जमतं. फक्त बेत उलटा आखायचा.

म्हणजे परतीची गाडी आधी ठरवायची, जाण्याची मागून. या लाइनवर सगळीकडे थांबणाऱ्या गाड्या मोजक्या. एक सुटली की पुढचीसाठी काही तास बसा. त्यात रूळ एकच. समोरून मालगाडी येत असली की आपली गाडी मधल्या स्टेशनात क्रॉसिंगला उभी. कधी दहा मिनिटं, कधी पाऊण तास. दुहेरी रुळाला २०२५ मध्ये मंजुरी मिळाली, पण तो होईल तेव्हा होईल. आदल्या रात्री आणि निघायच्या आधी मोबाईलवर गाडी कुठे आहे ते पाहायचं, नाहीतर १३९ ला फोन लावायचा. मात्र गाडी उशिरा आहे म्हणून घरी लोळत बसू नका. उशिरा असलेली गाडी वेळ कधी भरून काढेल, सांगता येत नाही.

मी एकदा फसले. भाऊ म्हणाला, "चाय घे, मंग जाय." चहा झाला, मग वहिनीनं सांडग्यांची पिशवी बांधायला घेतली. स्टेशनात पोचलो तर गाडीचा मागचा डबा दिसत होता. मग एसटीनं ब्रह्मपुरी, तिथून सिंदेवाही, तिथून मूल. धाकटी अर्ध्या वाटेत ओकली. तेव्हापासून गाडीच्या एक तास आधी मी माहेरच्या घरात नसते, कोणी कितीही रुसो.

बाहेरून येणाऱ्या पाहुण्यांना नावं नीट सांगा. आमच्या स्टेशनवर पाटी आहे मूल मारोडा. मारोडा म्हणजे माजी मुख्यमंत्री मारोतराव कन्नमवारांचं गाव. वडसा आणि देसाईगंज एकच. आणि चंद्रपुरात स्टेशनं दोन! वर्धेकडून येणारी गाडी चंद्रपूरला थांबते, आमची गाडी मिळते चांदा फोर्टला. माझी नणंद चंद्रपूरच्या फलाटावर बसून मला फोन करत होती, "तुमची गाडी लागली नाही अजून." लागणार कशी? मधात ऑटो करावा लागतो, तेवढा वेळ हातात ठेवायचा.

तिकीट साधं, जनरलचं. पाच वर्षांखालच्या लेकराला लागत नाही, पाच ते बारापर्यंत अर्धं. पॅसेंजरचं तिकीट घेऊन एक्स्प्रेसमध्ये चढायचं नाही, दंड होतो. मोबाईलवर काढत असाल तर स्टेशनात शिरण्याआधी काढा, रुळाजवळ गेलं की ते ॲप तिकीट देत नाही.

जागेचं माझं गणित असं आहे. मूलवरून नागभीडपर्यंत गाडी सरळ उत्तरेला जाते, म्हणून सकाळचं ऊन उजवीकडून येतं. डावीकडे बसा. नागभीडनंतर ती पूर्वेला वळते, तरी डावीकडे सावलीच राहते. परतताना दुपार कलली असली तर नागभीडपर्यंत उजवीकडे बसा आणि नागभीडला उठून डावीकडे या. लोक हसतात, पण माझी लेकरं उन्हानं किरकिरत नाहीत. सिंदेवाही-आलेवाहीकडे जंगल आहे, तिथं खिडकीतून हात बाहेर काढू देऊ नका. वाघ दिसेल म्हणून पोट्टे डोळे फाडून बसतात. आम्हाला आजपर्यंत माकडंच दिसली.

डबा घरूनच न्या. पोळी, लाखोरीच्या डाळीचे वडे आणि सांबार-भेदराची, म्हणजे कोथिंबीर-टोमॅटोची चटणी. चटणी कोरडी करा, पातळ केली तर पिशवीचं काही खरं नाही. दिवाळीच्या आसपास टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बाया चढतात, ते मात्र सोडू नका. काळाभोर, जड शिंगाडा निवडायचा. हलका लागला तर आत गर कमी. काट्याकडून दात लावला तर ओठ फाटतो, म्हणून मधोमध दाब द्यायचा आणि साल दोन्हीकडे सोलायची. हात काळे होतात, जुना रुमाल सोबत असू द्या.

ब्रह्मपुरीनंतर वैनगंगेचा पूल येतो. नदीच्या अलीकडे चंद्रपूर जिल्हा, पलीकडे गडचिरोली. सासूबाई हात जोडतात, लेकरं डबे मोजतात. पूल ओलांडला की सामान हातात घ्यायचं, वडसा आलंच.

वडशात दिवाळीनंतर गेलात तर बाजारातून पायी एक चक्कर मारा. झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या पूर्व विदर्भातल्या नाटक कंपन्यांची ऑफिसं इथंच आहेत. दारावर नाटकांच्या नावांचे रंगीत फलक लागतात, आणि गावोगावचे मंडळवाले मंडईसाठी (गावची जत्रा), शंकरपटासाठी (बैलांची शर्यत) नाटक ठरवायला येतात. भाव कमी करायची त्यांची खेचाखेच ऐकली की नाटक पाहिल्यासारखंच वाटतं. याच रंगभूमीचे परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. खरं नाटक मात्र रात्री सुरू होतं आणि पहाटेपर्यंत चालतं. ते पाहायचं तर मुक्काम करावा लागेल, हा बेत त्यासाठी नाही.

परतताना सिंदेवाही सुटली की मी ऑटोवाल्याला फोन करते. रात्री मूलच्या स्टेशनाबाहेर ऑटो असेलच असं नाही, आणि झोपलेली पोट्टी खांद्यावर, दुसरं बोट धरून, सांडग्यांची पिशवी दातात धरणार का?